अडीच एकरासाठी जुना ट्रॅक्टर: इंजिन थंड बघा, लिफ्ट गरम बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बँकेतून पुढच्या वर्षी निवृत्त होणाऱ्या एका साहेबांनी कोल्हापूर जिल्ह्यात वाघबीळच्या पुढं अडीच एकर रान घेतलंय. निम्मं सपाट, निम्मं उताराचं, टप्प्याटप्प्याचं. 25 गुंठे ऊस, थोडं भात, बाकी आंबा, नारळ आणि घरापुरता भाजीपाला. बजेट साडेतीन लाख. दोन ट्रॅक्टर सांगून आलेत. एक गावातलाच, 39 एचपीचा, 2009 चं पासिंग, ट्रॉलीसह सव्वातीन लाख. दुसरा निपाणीच्या एजंटाकडचा 15 एचपीचा मिनी, 2017 चा, एक लाख ऐंशी हजार. दोन्हींचं इंजिन म्हणे "एकदम कडक" आहे. कुठला घ्यावा?

साहेब, मी 1991 साली शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात हातात पाना घेतला आणि गेली 22 वर्षं माझं स्वतःचं गॅरेज आहे. एवढ्या काळात "इंजिन कडक आहे" हे वाक्य मी ज्या ज्या ट्रॅक्टरबद्दल ऐकलं, त्यातले निम्मे दुसऱ्या महिन्यात माझ्याच दारात आले. आणि इंजिनासाठी नाही आले.

आधी गणित करू. अडीच एकर म्हणजे 100 गुंठे. घर, झाडं, बांध, वाट वजा जाता मशागतीला 65-70 गुंठे उरतील. मिनी ट्रॅक्टरला तीन फुटी रोटर (माती भुसभुशीत करणारं फिरत्या पात्यांचं अवजार) लावला आणि ताशी अडीच किलोमीटरनं चालवला, तर वळणं धरून तासाला 17-18 गुंठे होतात. वर्षातून तीन वेळा रान फिरवलं तरी 12 तास. त्यात उसाची भरणी (बुडख्याला माती लावणं), भाताची चिखलणी, शेणखत ओढणं, फवारणी, सगळं हात सोडून धरलं तरी वर्षाला 60 तासांच्या वर तुमचा ट्रॅक्टर चालत नाही. भाड्यानं रोटर मारणारा माणूस एवढं काम जूनच्या एका आठवड्यात करतो.

नुसता पैशाचा हिशेब केला तर भाड्याचाच ट्रॅक्टर स्वस्त. हे मी गिऱ्हाईक हातचं जातंय हे माहीत असूनही सांगतो. पण भाड्याचा ट्रॅक्टर आठ गुंठ्यांच्या तुकड्यासाठी वेळेवर येत नाही, हेही खरं. वळवाचा पाऊस पडून रान वाफशावर आलं की सगळ्या गावाला त्याच दिवशी रोटर पाहिजे असतो, आणि तो आधी पाच एकरवाल्याकडं जाणार. तुमची पाळी येईपर्यंत वाफसा गेलेला. म्हणजे तुम्ही वेळ विकत घेताय. तसं मनाशी धरून घेत असाल तर घ्या.

आता या 60 तासांचा दुसरा अर्थ बघा, तो जास्त महत्त्वाचा आहे. वर्षाला 60 तास चालवून तुम्ही ट्रॅक्टर झिजवूच शकत नाही. दहा वर्षांत 600 तास. ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर तेवढे एका हंगामात सहज मोडतो. म्हणजे आधीच्या मालकानं जेवढा झिजवलाय तेवढीच झीज तुमच्या वाट्याला येणार, पण ती सगळी पहिल्याच दिवशी येणार. म्हणून कंपनी कुठली, मॉडेल कुठलं, किती सालचं, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न एकच: यानं आजवर काय काम केलंय?

मालक खरं सांगेलच असं नाही, पण लोखंड लपवत नाही.

आपल्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त सांभाळून राहायचं ते ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरपासून. दोन-दोन भरलेल्या ट्रॉल्या, चढ, खड्डे, रात्रीच्या खेपा, वर कारखान्याच्या दारात रांगेत तासन्‌तास इंजिन चालू. असा ट्रॅक्टर ओळखायला मागं जाऊन हुकाचं भोक बघा. भोक गोल असायला पाहिजे. ओढून ओढून ते अंड्यासारखं लांबट झालेलं असेल किंवा त्यावर नव्यानं वेल्डिंग करून भोक पाडलेलं असेल, तर ते आयुष्य ट्रॉलीमागं गेलंय. मग मागचे टायर बघा. रानात चालणाऱ्या टायरची नक्षी कडेला झिजते, कापल्यासारखी होते. डांबरी रस्त्यावर पळालेल्या टायरची नक्षी मधोमध सपाट आणि गुळगुळीत होते. टायर बदलून नवे घातले असतील तर मडगार्डाखाली हात घालून बघा. तिथं एका ओळीत चार-सहा भोकं असतील. ती स्पीकरची! आमच्याकडचा उसाचा ट्रॅक्टर गाण्याशिवाय पळत नाही. विकताना स्पीकर काढतात, भोकं बुजवायला विसरतात. पुढं बसवलेला जाडजूड लोखंडी बंपर हीसुद्धा तीच खूण. मागं दोन ट्रॉल्या असल्या की पुढचं तोंड उचलू नये म्हणून वजन लागतं.

भाड्यानं रोटर मारलेला ट्रॅक्टर वेगळा झिजतो. त्याच्या पीटीओ शाफ्टवरचं, म्हणजे रोटर फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावरचं, कव्हर काढा आणि दातांवरून बोट फिरवा. चांगले दात चौकोनी आणि भरीव लागतात. झिजलेले दात एका बाजूनं तिरपे, ब्लेडसारखे धारदार लागतात. लिफ्टच्या, म्हणजे अवजार उचलणाऱ्या, हातांची आणि टॉप लिंकच्या, म्हणजे अवजार वरून धरणाऱ्या दांड्याच्या, पिनेची भोकं ढिली असतील. असा ट्रॅक्टर अगदीच वाईट नाही. त्याचा क्लच आणि पीटीओ थकलेला असतो, पण क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या चाकांना जोर देणारी गिअरची जोडी, बहुतेक वाचलेलं असतं.

वीटभट्टी किंवा मुरुमाच्या खाणीवरचा ट्रॅक्टर मात्र माझ्या सख्ख्या भावानं विकला तरी मी घेणार नाही. एअर फिल्टरच्या नळीत आतून बोट फिरवा. फिल्टरच्या पुढं, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला, तांबडी धूळ बोटाला लागली तर ती धूळ इंजिनानं खाल्लेली आहे. मग पिस्टनच्या रिंगा आणि स्लीव्ह कितीही नव्या सांगू देत.

तासाच्या मीटरवर विश्वास ठेवू नका. ते बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. मीटर 1,800 तास दाखवतंय आणि क्लचच्या पेडलवरच्या रेघा झिजून ते आरशासारखं चकाकतंय, तर पेडल खरं बोलतंय.

आता तपासणी कशी करायची ते सांगतो.

जायचं सकाळी लवकर, आणि येतोय म्हणून आधल्या रात्री नक्की वेळ सांगायची नाही. पोचल्यावर चहाच्या आधी इंजिनाच्या ब्लॉकवर तळहात ठेवायचा. कोमट लागला तर मालकानं आधीच चालू करून ठेवलेला आहे. अशा वेळी भांडायचं नाही, "परत येतो" म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जायचं. गरम इंजिन कसंही चालू होतं. थंड इंजिन पहिल्या दोन-तीन सेल्फमध्ये उचललं पाहिजे. उचलताना थोडा पांढरा धूर येईल, तो मिनिटाभरात गेला पाहिजे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर भाराखाली थोडा चालतो, पण नुसत्या रेसवर काळं धुराडं झालं तर नोझल किंवा डिझेल पंपाचं काम आहे. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून सायकलच्या पंपासारखी फुसफुस हवा मारत असेल तर कॉम्प्रेशन खाली उतरतंय, इंजिनकाम आलंच. चालू करण्याआधी गेजपट्टी काढून बघायची. ऑइल काळं असणं हा गुन्हा नाही, उलट विक्रीच्या आदल्या दिवशी घातलेलं स्वच्छ सोनेरी ऑइल बघून मला जास्त शंका येते. ऑइल चहासारखं दुधाळ असेल तर पाणी मिसळतंय, तिथूनच नमस्कार करून निघायचं.

एवढं झालं की इंजिन पुरे. खरं तर इंजिन हा जुन्या ट्रॅक्टरचा सगळ्यात सोपा भाग. सुटे भाग मिळतात, खर्चाचा अंदाज आधी सांगता येतो, आठवड्यात उरकतं. खोलून नीट बांधलेलं इंजिन असेल आणि कुणी बांधलं ते नाव मालक सांगत असेल तर मी त्याला जास्तच गुण देतो. माणूस फसतो तो सीटच्या खाली आणि मागं काय आहे ते न बघता.

माझंच सांगतो. गॅरेज काढल्यावर दोन वर्षांनी मी स्वतःसाठी एक ट्रॅक्टर घेतला. मेकॅनिक असल्याची घमेंड होती. इंजिन ऐकलं, सतारीसारखं. गिअर टाकून वस्तीवरून एक फेरी मारली, आवाज नाही. पैसे मोजले. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा ट्रॉली भरून चढाला लावला आणि मागून कुणीतरी पाट्यावर दगड घासावा तसा आवाज यायला लागला. मागचं चेंबर, म्हणजे त्या गिअरची पेटी, खोललं तर क्राऊन-पिनियनचे दात उडालेले, आणि तेलाच्या जागी गुळाच्या पाकासारखं घट्ट काहीतरी, त्यात लाकडाचा भुसा. विकणाऱ्यानं आवाज दाबायला घातला होता. त्या दुरुस्तीत मला ट्रॅक्टरच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा खर्च आला. त्यानंतर मी कुठलाही ट्रॅक्टर बघताना एक काम न चुकता करतो: मागच्या चेंबरचा खालचा नट किंचित ढिला करून वाटीभर तेल काढतो. मालक नको म्हणाला तर व्यवहार तिथंच संपला. तेल दोन बोटांत चोळायचं. चमकणारे बारीक कण थोडे असतातच. पण करकरीत कपच्या लागल्या, तेल वीतभर तार धरत असलं, किंवा दुधी असलं, तर समजायचं ते समजलं.

चालवताना मागचं ऐकायची पद्धत अशी. वरच्या गिअरमध्ये थोडा वेग घ्या आणि रेस एकदम सोडा. रेस देताना येणारा आवाज सगळ्यांना ऐकू येतो. रेस सोडल्यावर, ट्रॅक्टर आपल्या जोरावर पुढं जात असताना मागून "ऊंऽऽ" असा सूर आला, तर दात एका बाजूनं खाल्लेत. मग उतारावर न्या आणि एकेक गिअर टाकून रेस न देता इंजिनावर उतरू द्या. पाय ब्रेकवर तयार ठेवा, कारण झिजलेला गिअर अशा वेळी आपोआप सुटतो. वाघबीळसारख्या भागात सुटणारा गिअर म्हणजे जिवाशी खेळ. तेवढ्या एका गोष्टीवर मी ट्रॅक्टर नाकारतो, किंमत कितीही खाली आली तरी.

क्लच बघायला सपाटीवर ब्रेक दाबून धरा, वरचा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन गचका देऊन बंद पडलं पाहिजे. बंद न पडता चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. आणि एक बारकावा, जो मला माझ्या वस्तादांनी दाखवला. इंजिन आणि गिअर बॉक्सच्या मधल्या हाउसिंगला खाली एक लहान भोक असतं, त्यात बहुतेक वेळा एक पिन लोंबत असते. तिथं बोट लावा. कोरडं असेल तर उत्तम. काळं, पातळ ऑइल असेल तर इंजिनाचं मागचं सील गेलंय. जाड, वासाचं तेल असेल तर गिअर बॉक्सचं सील. दोन्हींत ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो. सील असतं चार पैशांचं, मजुरी असते दोन दिवसांची.

आता लिफ्ट. इंजिन थंड बघायचं तसं लिफ्ट गरम बघायची. का, तर थंड तेल जाड असतं, ते झिजलेल्या पंपातून आणि पिस्टनच्या सीलमधून निसटत नाही. त्यामुळं सकाळी लिफ्ट झकास उचलते. अर्धा-पाऊण तास काम झालं, तेल तापून पातळ झालं की खरं रूप दिसतं. म्हणून मालकाला सांगायचं, रोटर जोडा आणि दहा गुंठे मारून दाखवा. रान त्याचंच, फुकटात मशागत होतेय, सहसा नाही म्हणत नाही. काम झालं की रोटर पूर्ण वर उचलून इंजिन बंद करायचं, आणि जमिनीपासून पात्यापर्यंत किती उंची आहे ते काठीवर खूण करून ठेवायचं. मग चहा घ्यायचा. पंधरा मिनिटांनी परत काठी लावायची. बोटभर खाली आला तर चालतंय. हातभर खाली आला किंवा जमिनीवर टेकला तर लिफ्ट बसतेय. इंजिन चालू असताना उचललेला रोटर उचकी लागल्यासारखा सारखा खाली-वर होत असेल तर तीही तीच गोष्ट. आणि लिफ्ट बसणाऱ्या ट्रॅक्टरच्या उचललेल्या अवजाराखाली तपासायला डोकं घालू नका.

पुढचा भाग लवकर सांगतो. पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवा. किंग पिन, बुश, टाय रॉड ढिले असतील तर खडखडतात. याची भीती बाळगू नका, उद्यमनगरात बुश आणि पिना लेथवर दिवसात करून मिळतात. स्टिअरिंगचा खेळ मात्र तीन-चार बोटांच्या वर असला तर भाव पाडा. दोन्ही ब्रेक वेगवेगळे आणि मग एकत्र बघा. एकत्र दाबल्यावर ट्रॅक्टर एका बाजूला ओढत असेल तर आधी जुळवून घ्यायचे, मगच घाटरस्त्याला न्यायचा. बॅटरी, दिवे, सीट, रंग यांच्याकडं बघूच नका. रंग बघायचाच असेल तर तो जिथं नको तिथं लागलाय का एवढं बघा. गास्केटच्या कडेवर, रबरी पाईपवर, नटांच्या तोंडावर ताजा रंग म्हणजे गळती झाकलीय.

पुराचं वेगळं सांगायला पाहिजे, कारण आपल्या जिल्ह्यातले आणि शेजारच्या सांगलीचे असे ट्रॅक्टर अजून फिरतायत. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या पुरात शिरोळ, हातकणंगले, करवीर भागांतले कितीतरी ट्रॅक्टर पाण्यात उभे होते. पाण्यात बुडालेला ट्रॅक्टर लगेच खोलून, तेलं काढून, धुऊन बांधला असेल तर तो आजही ठणठणीत असेल. पण त्या दिवसांत माणूस घर सावरणार की ट्रॅक्टर? बहुतेकांनी इंजिनाचं ऑइल बदललं आणि चालू केला. मागच्या चेंबरात, चाकांच्या बेअरिंगांत, क्लच हाउसिंगमध्ये गाळ तसाच राहिला. तो गाळ सापडतो कुठं? हेडलाईटच्या वाटीत आत पाण्याची रेघ, मीटरच्या काचेमागं पिवळट थर, सेल्फच्या मागच्या बाजूला बारीक वाळलेली माती, सीटखालच्या पत्र्याच्या घडीत गाळ. पाण्याखाली होता का, असं सरळ विचारा. जो हो म्हणतो आणि काय काय बदललं ते सांगतो, त्याच्याशी बोलणं पुढं न्यायला हरकत नाही.

कागद. इथं तुम्ही बँकेतले, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी दोन गोष्टी. पहिली म्हणजे आरसीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल तर नुसतं "कर्ज फिटलंय" चालत नाही. फॉर्म 35 आणि ना हरकत दाखला हातात पाहिजे. विकणाऱ्याच्या सातबाऱ्यावर ट्रॅक्टरच्या कर्जाची नोंद अजून आहे का, तेही बघून घ्या. अनुदानावर घेतलेला असेल तर अटीची मुदत संपली का, हे कागदावर बघा. दुसरी गोष्ट, स्टॅम्प पेपरवर नोटरी करून ट्रॅक्टर घ्यायचा आणि नाव बदलायचंच नाही, अशी आमच्याकडं सर्रास पद्धत आहे. ती करू नका. नाव जुन्याच मालकाचं राहिलं आणि अपघात झाला तर दोघंही कोर्टाच्या पायऱ्या चढणार. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या पैसे देतानाच घ्या, तारीख टाकून. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी ताडून बघा, आकडे घासून परत मारलेले नाहीत ना तेही बघा. ट्रॉलीचा कागद वेगळा असतो. "ट्रॉलीसह" म्हणणाऱ्याकडं तो बहुतेक नसतो.

आता तुमचे दोन ट्रॅक्टर.

39 एचपीचा मी घेऊ नये म्हणतो. 2009 चं पासिंग म्हणजे त्याची 15 वर्षं 2024 मध्येच संपली. आरटीओकडं गाडी दाखवून, फी आणि उशिराचा दंड भरून नूतनीकरण करावं लागेल, तेही पाचच वर्षांचं मिळतं. ते विकणाऱ्यानं करून द्यायला पाहिजे, तुम्ही घेऊन मग निस्तरायचं नाही. पण खरं कारण कागद नाही. असा ट्रॅक्टर पावणेदोन-दोन टनांचा असतो, मागं पाच फुटी रोटर. मोकळ्या रानात तो तासाला 33-35 गुंठे मारील, पण तुमच्या आठ-दहा गुंठ्यांच्या टप्प्यांत अर्धा वेळ नुसता वळण्यात जाणार आणि प्रत्येक कोपरा कुदळीनं खणावा लागणार. आंब्याच्या फांद्यांखाली जाणार नाही. चार-साडेचार फुटी सरीत भरणीला शिरणार नाही. आणि ट्रॉलीसह विकतोय म्हणजे हुकाचं भोक बघूनच या, मला निकाल आत्ताच माहीत आहे. त्या ट्रॉलीचा मोह सोडा. वर्षातून चार खेपा शेणखताच्या, त्या भाड्यानं होतात.

मिनी ही जात तुमच्यासाठी बरोबर आहे. महिंद्राचा युवराज 215 किंवा स्वराज 717 सारखे 15 एचपीचे एक सिलिंडरवाले तीन-चार फुटांच्या रुंदीत बसतात, सरीत चालतात, डिझेल कमी पितात, लिफ्टही रोटरपुरती भरपूर आहे. एक सिलिंडर असल्यामुळं हादरा जास्त बसतो, साठीच्या कमरेला तो जाणवतो. तासभर बसून बघा. हादरा सोसत नसेल तर तीन सिलिंडरचा 18.5 एचपीचा व्हीएसटी 180 बघा, तो जास्त मऊ चालतो. उताराचा आणि चिखलाचा विचार करता 24 एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह मिनी, कुबोटा किंवा जिवोसारखा, सगळ्यात चांगला, पण साडेतीन लाखांत धड अवस्थेतला मिळायला थांबावं लागेल. पॉवर टिलर कुणी सुचवला तर नको म्हणा. गगनबावड्याकडच्या भाताच्या खाचरांत तो राजा आहे, पण त्याच्या मागं चिखलातून दिवसभर चालायला पंचविशीचे पाय लागतात. जुने एचएमटी स्वस्तात दाखवतील, भक्कम मशीन होतं यात वाद नाही. पण केंद्रानं 2016 मध्ये तो कारखाना बंद करायचा निर्णय घेतला. भाग शोधत फिरायची हौस असेल त्यानंच घ्यावा.

निपाणीचा तो विशिष्ट मिनी मात्र डोळे झाकून नको. नंबर कर्नाटकाचा असणार, म्हणजे तिकडच्या आरटीओची एनओसी, इकडं नव्यानं नोंद, आणि यात महिने जातात. एजंटाला सांगा, एनओसी आणल्यावर पैसे, तोवर फक्त विसार. एजंटाकडचा ट्रॅक्टर रंगवलेला असणारच, त्यामुळं मूळ मालकाचा नंबर मागा आणि त्याला फोन करून एकच विचारा: यानं काय काम केलं? द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत फवारणी केलेला मिनी सोन्यासारखा असतो. पीटीओ सोडून काही झिजलेलं नसतं.

भावाचंही बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आलाय. सात लाखांना मिळणारा नवा ट्रॅक्टर त्या हिशेबानं 43-44 हजारांनी उतरला. जुन्याचे मालक मात्र अजून जुन्याच भावाच्या आठवणीत आहेत. त्यांना ही आठवण करून द्यायला लाजू नका. आणि ठरलेल्या बजेटमधले साठ-सत्तर हजार बाजूला ठेवूनच बोलणी करा. पहिल्या महिन्यात सगळी तेलं, फिल्टर, पट्टे, बॅटरी, एखादं सील आणि विमा यात ते जातातच. मागचे टायर गुळगुळीत असतील तर त्याचे वेगळे.

गडबड नसेल तर दसरा किंवा पाडव्याची वाट बघा. तेव्हा लोक नवा घेतात आणि घरचा जुना शोरूमला एक्स्चेंजला देतात. त्यात एका मालकाचे, रानातच राबलेले ट्रॅक्टर असतात. एप्रिल-मेमध्ये ऊसवाहतुकीचे धुऊन-पुसून बाजारात येतात, तेव्हा हात आखडता घ्या.

उताराबद्दल शेवटचं सांगतो, कारण ट्रॅक्टर घेतल्यावर हे कुणी सांगत नाही. मिनी अरुंद असतो, म्हणजे आडव्या उतारावर लवकर कलंडतो. मागची चाकं उलटी बसवून रुंदी वाढवता येते का ते बघा, बहुतेक मिनींत येते. टप्प्याच्या कडेपासून चाक हातभर आत. उतारावर वर-खाली चालवायचं, आडवं नाही. आणि अडकलेलं खोड किंवा गाडी ओढायची असेल तर साखळी कायम खालच्या हुकाला लावायची, टॉप लिंकच्या जागेला कधीही नाही. वर लावली की ट्रॅक्टर पुढून उठतो आणि चालवणाऱ्यासकट मागं पालथा पडतो. ते व्हायला दोन सेकंद लागतात, क्लच दाबायचं सुचतसुद्धा नाही.

तुम्ही निपाणीला जायचं ठरवलं तर रविवारी जा. सकाळी सातच्या आत पोचा, म्हणजे ब्लॉक थंड सापडेल. बरोबर एक 19 नंबरचा पाना, एक वाटी, जुनं फडकं आणि दोन हात लांबीची काठी घ्या. चेंबरचं तेल वाटीत काढून उन्हात धरा आणि फोटो पाठवा, मी बघून सांगतो.